अपाची सोलर सुरू करताना: तीन संगणकांच्या शोधसर्व्हरची कमांड कशी लिहावी

सिल्वासातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने दादरा आणि नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामाचे कागद एका ठिकाणी शोधता यावेत असे ठरवले, तर साहित्याची वाण पडणार नाही. २२ जुलै १९५४ रोजी दादरा मुक्त झाले, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. राजा वाकणकर, सुधीर फडके, नाना काजरेकर अशी मराठी मंडळी या लढ्यात होती, त्यामुळे आठवणी आणि आत्मचरित्रे मराठीत आहेत. जुन्या पोर्तुगीज राजवटीचे कागद पोर्तुगीजमध्ये आहेत. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला, त्याचा निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. ती कागदपत्रे इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये आहेत. हे सगळे स्कॅन करून मजकूर शोधसर्व्हरमध्ये भरला, की ‘नरोली’ शब्द लिहिताच प्रत्येक पान समोर यावे, एवढीच अपेक्षा.

ती पुरी करण्याचे काम बहुतेक वेळा ग्रंथालयातल्या एकाच माणसावर येऊन पडते. हा लेख त्याच्यासाठी, किंवा तिच्यासाठी, आहे. सर्व्हर उतरवून घेणे सोपे असते. अडते ते पुढच्या पायरीवर: सुरू करण्याच्या कमांडपुढे कोणते पर्याय लिहायचे, आणि ते लिहिले नाहीत तर काय होते.

लेखातल्या कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत लिहाव्यात. फक्त सेटिंग फाइलमधली नावे मोठ्या अक्षरांत लागतात. विवेचन सोलरच्या ९ मालिकेला धरून आहे.

आधी ठरवा: समूह खरेच हवा का?

अपाची सोलर ग्रंथालयांना अनोळखी नाही. योनिक सीली यांनी २००४ मध्ये सीनेट कंपनीत तो लिहायला घेतला आणि २००६ मध्ये तो अपाची प्रतिष्ठानाकडे आला. प्रबंध व दस्तऐवज साठवणाऱ्या डीस्पेस या प्रणालीच्या पोटात शोधाचे काम सोलरच करतो; गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे भांडार डीस्पेसवरच उभे आहे. पूर्वी डीस्पेसबरोबर सोलर आपोआप यायचा. २०२१ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून तो वेगळा बसवावा लागतो, आणि तेव्हापासून अनेक ग्रंथपालांना ही कमांड स्वतः लिहिण्याची वेळ आली.

तुमचे काम डीस्पेसपुरते असेल, तर एकाच संगणकावरचा एकटा सोलर पुरेसा आहे:

बिन/सोलर स्टार्ट

एवढ्या कमांडने तो पार्श्वभूमीत सुरू होतो, ८९८३ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकू लागतो आणि ५१२ एमबी मेमरी घेतो. काही हजार पानांसाठी हे चालून जाते. एक संगणक बंद पडला तरी शोध चालू राहायला हवा असेल, किंवा साठा एका डिस्कमध्ये मावत नसेल, तरच समूहाकडे, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या अनेक सोलरकडे, वळा. समूहाची सोय सोलरमध्ये ऑक्टोबर २०१२ च्या ४.० आवृत्तीत आली. तिला सोलरक्लाउड म्हणतात. नावात क्लाउड असले तरी ती तुमच्या खोलीतल्या तीन संगणकांवरही चालते.

घरचा सराव

खऱ्या संगणकांना हात लावण्याआधी एकाच लॅपटॉपवर समूह कसा वागतो ते पाहून घ्या:

बिन/सोलर स्टार्ट -ई क्लाउड

‘-ई’ म्हणजे तयार नमुना. सोलर तुम्हाला विचारतो: किती नोड, म्हणजे समूहातले किती सोलर, हवेत, कोणते पोर्ट, संग्रहाचे नाव काय, त्याचे तुकडे किती, प्रत्येक तुकड्याच्या प्रती किती. सगळीकडे फक्त एंटर दाबत गेलात तर ८९८३ आणि ७५७४ या पोर्टवर दोन नोड उभे राहतात. संग्रहाचे दोन तुकडे, म्हणजे शार्ड, होतात आणि प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणजे रेप्लिका, तयार होतात. ब्राउझरमध्ये प्रशासन पान उघडा, क्लाउड विभागात जा, मग टर्मिनलवर एक नोड बंद करा:

बिन/सोलर स्टॉप -पी ७५७४

चित्रात कोणती प्रत मरते, कोणती पुढाकार घेते आणि शोध तरीही चालतो का, हे डोळ्यांनी पाहिलेत की पुढचे सगळे पर्याय समजायला सोपे जातात.

तीन संगणकांची खरी कमांड

आता समजा, ग्रंथालयात ८ जीबी मेमरीचे तीन संगणक आहेत आणि त्यांना खानवेल, नरोली आणि दादरा अशी नावे दिली आहेत. खानवेल या संगणकावर लिहायची कमांड अशी:

बिन/सोलर स्टार्ट -सी -पी ८९८३ -झेड खानवेल:२१८१,नरोली:२१८१,दादरा:२१८१/सोलर --होस्ट खानवेल -एम २जी

उरलेल्या दोन संगणकांवर फक्त ‘--होस्ट’ पुढचे नाव बदलते. बाकी ओळ तंतोतंत तीच राहायला हवी. एकेक पर्याय पाहू.

-सी आणि -झेड: कोणत्या समूहात?

‘-सी’ म्हणजे समूहाच्या पद्धतीने चाल. ‘-झेड’ म्हणजे झूकीपर कुठे आहे ते सांग. झूकीपर हा वेगळा छोटा सर्व्हर असतो. कोणते नोड जिवंत आहेत, कोणत्या प्रतीकडे पुढाकार आहे, संग्रहाच्या सेटिंग फाइली कोणत्या, याची नोंद तो ठेवतो.

सर्वांत जास्त फसगत इथेच होते. ‘-सी’ दिला आणि ‘-झेड’ विसरला, तर सोलर तक्रार करत नाही. तो स्वतःच्या पोटातला झूकीपर सुरू करतो, सोलरच्या पोर्टमध्ये एक हजार मिळवून, म्हणजे ९९८३ वर. तिन्ही संगणकांवर असे केलेत तर तीन सोलर नीट चालताना दिसतील, पण प्रत्येकाचा समूह वेगळा आणि प्रत्येक समूहात एकच नोड. खानवेलवर भरलेला मजकूर दादरावर सापडत नाही म्हणून मग तास वाया जातात. उलट, ‘-झेड’ दिला असेल तर ‘-सी’ गृहीतच धरला जातो. तरीही दोन्ही लिहा. ओळ वाचणाऱ्याला हेतू कळतो.

‘-झेड’च्या पुढच्या यादीत तीन गोष्टी जपा. पहिली, तिन्ही झूकीपरची नावे द्या. एकच दिलेत तर तो बंद असताना सोलर सुरूच होणार नाही. दुसरी, शेवटचे ‘/सोलर’ फक्त एकदा, यादीच्या अखेरीस येते. प्रत्येक नावापुढे लावायचे नाही. तिसरी, झूकीपरमधली ती जागा आधी तयार करावी लागते:

बिन/सोलर झेडके एमकेरूट /सोलर -झेड खानवेल:२१८१

झूकीपर तीनच का? त्याचे निर्णय बहुमताने होतात. तीनपैकी दोन जिवंत असले की काम चालते. दोनच ठेवलेत तर बहुमतासाठी दोन्ही लागतात, म्हणजे एक गेला की सगळे थांबले. दुसरा असून नसल्यासारखा. मोठ्या संस्था झूकीपरला स्वतंत्र संगणक देतात आणि ते योग्यच आहे. लहान ग्रंथालयात त्याच तीन संगणकांवर तो ठेवता येतो, पण सोलरच्या पोटातला नको, वेगळा बसवलेला हवा. पोटातला सरावापुरता.

--होस्ट: मला कोणत्या नावाने हाक मारायची?

हा पर्याय दिला नाही तर सोलर संगणकाचा आयपी पत्ता स्वतः शोधून झूकीपरला कळवतो. राउटर जिथे दर वेळी वेगळा पत्ता वाटतो, तिथे वीज जाऊन आल्यावर कालचा १९२.१६८.१.११ आज १९२.१६८.१.१७ होतो. झूकीपरच्या यादीत मग जुना नोड मेलेला दिसतो. म्हणून राउटरमध्ये पत्ते पक्के करा, तिन्ही संगणकांच्या होस्ट फाइलमध्ये तिन्ही नावे लिहा आणि कमांडमध्ये नावच द्या. जुन्या आवृत्त्यांत यासाठी ‘-एच’ होता. नव्यात पूर्ण शब्द लिहावा लागतो. अशी अक्षरे आवृत्तीगणिक बदलतात, त्यामुळे तुमच्या संगणकावर कोणती चालतात ते ‘बिन/सोलर स्टार्ट --हेल्प’ लिहून पाहावे.

याच्याच जोडीचा एक सापळा कमांडमध्ये दिसत नाही. ९.० आवृत्तीपासून सोलर मुळात फक्त स्वतःच्याच संगणकावरून आलेली विनंती ऐकतो. सुरक्षेसाठी ते चांगले आहे, पण समूहातले सोबती एकमेकांशी बोलू शकत नाहीत. सेटिंग फाइलमध्ये ‘सोलर_जेटी_होस्ट’ या नावापुढे त्या संगणकाचा आतल्या नेटवर्कवरचा पत्ता लिहिला की दार उघडते. नोड यादीत दिसतात पण प्रती तयार होत नाहीत, अशी अवस्था झाली तर पहिली शंका यावर घ्या.

-एम: किती मेमरी?

‘-एम २जी’ म्हणजे सोलर ज्यावर चालतो त्या जावासाठी किमान आणि कमाल दोन्ही २ जीबी. इथे हात सैल सोडण्याचा मोह होतो: ८ जीबी आहेत, मग ६ देऊन टाकू. तसे करू नका. सोलर निर्देशांकाच्या, म्हणजे शोधसूचीच्या, फाइली थेट डिस्कवरून वाचतो आणि त्या वेगाने वाचल्या जातात त्या ऑपरेटिंग सिस्टिमने मोकळ्या मेमरीत धरून ठेवल्यामुळे. जावाला सगळी मेमरी दिलीत तर या फाइलींना जागा उरत नाही आणि शोध मंदावतो. ८ जीबीच्या संगणकावर २ जीबीपासून सुरुवात करा, झूकीपरला थोडी ठेवा, उरलेली सिस्टिमला सोडा. प्रशासन पानावर जावाची मेमरी सतत काठोकाठ भरलेली दिसली तरच वाढवा.

-पी, -एस, -टी: कोणते दार, कोणते घर?

‘-पी’ने पोर्ट ठरतो. सोलर थांबवण्यासाठीचा छुपा पोर्ट यातून एक हजार वजा करून घेतला जातो, म्हणजे ८९८३ साठी ७९८३. त्यामुळे एकाच संगणकावर दोन नोड चालवताना दोन पोर्टमध्ये बरोबर एक हजाराचे अंतर ठेवू नये. तिथे ‘-एस’ही वेगळा द्यावा लागतो. ‘-एस’ म्हणजे सोलरचे घर, जिथे संग्रहांची माहिती राहते. ‘-टी’ने नुसता निर्देशांक वेगळ्या डिस्कवर हलवता येतो. संगणकात छोटी एसएसडी आणि मोठी साधी डिस्क असेल, तर निर्देशांक एसएसडीवर आणि स्कॅनची मूळ चित्रे मोठ्या डिस्कवर ठेवावीत.

-एफ आणि --फोर्स

‘-एफ’ दिला की सोलर टर्मिनलसमोरच चालतो आणि नोंदी डोळ्यांसमोर पडतात. सुरू होता होता मरत असेल तर कारण शोधण्याचा हा सर्वांत जलद मार्ग. ‘--फोर्स’ मात्र टाळा. रूट वापरकर्ता म्हणून चालायला सोलर नकार देतो आणि हा पर्याय तो नकार मोडतो. सोलरसाठी साधा, वेगळा वापरकर्ता तयार करणे हेच बरे.

टाइप केलेले टिकत नाही

कमांडवर लिहिलेला प्रत्येक पर्याय सोलर फक्त त्या एका सुरुवातीपुरता लक्षात ठेवतो. ‘बिन/सोलर रीस्टार्ट’ लिहिलेत तर मागच्या वेळचे ‘-सी’ आणि ‘-झेड’ त्याला आठवत नाहीत. ते पुन्हा द्यावे लागतात. न दिल्यास समूहातला नोड एकटा होऊन उठतो. पावसाळ्यात रात्री वीज जाते, सकाळी दुसरेच कोणी संगणक सुरू करते, आणि त्या माणसाला तुमची लांबलचक ओळ ठाऊक नसते. म्हणून कमांडची ओळ वापरावी ती अजमावण्यासाठी. जमली की ती सेटिंग फाइलमध्ये उतरवावी.

लिनक्सवर सोलरबरोबर सेवा बसवणारी स्क्रिप्ट येते, ‘इन्स्टॉल_सोलर_सर्व्हिस’ नावाची. ती सोलर नावाचा वापरकर्ता तयार करते, कार्यक्रम ‘/ऑप्ट/सोलर’ खाली, साठा ‘/व्हार/सोलर’ खाली आणि सेटिंग फाइल ‘/ईटीसी/डीफॉल्ट’ खाली ‘सोलर.इन.एसएच’ या नावाने ठेवते. संगणक उठला की सोलरही उठतो. त्या फाइलमध्ये या नावांपुढे मूल्ये लिहा:

झेडके_होस्ट: ‘-झेड’ची पूर्ण यादी, ‘/सोलर’सह
सोलर_होस्ट: या संगणकाचे नाव
सोलर_हीप: २जी
सोलर_पोर्ट: ८९८३
सोलर_जेटी_होस्ट: या संगणकाचा आतला पत्ता

विंडोजवर हीच फाइल ‘सोलर.इन.सीएमडी’ नावाने बिन फोल्डरात असते. फाइल आणि कमांड यांत विरोध आला तर कमांडचे चालते, त्यामुळे एखाद दिवस ‘-एम ३जी’ देऊन पाहायला फाइल बदलावी लागत नाही.

या फाइलची किंमत डिसेंबर २०२१ मध्ये जगभर कळली. लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या जावा घटकात गंभीर भगदाड सापडले आणि सोलरच्या ७.४ ते ८.११.० या आवृत्त्या त्यात सापडल्या. ८.११.१ बसवणे हा खरा इलाज होता. पण ज्यांना तो लगेच जमणारा नव्हता, त्यांनी याच फाइलमधल्या ‘सोलर_ऑप्ट्स’ नावापुढे एक पर्याय जोडला आणि सोलर पुन्हा सुरू केला. तो पर्याय कोणी नुसता कमांडवर टाइप केला असता, तर पुढच्या रीस्टार्टला भगदाड पुन्हा उघडे पडले असते.

सुरक्षेचे आणखी दोन शब्द. सोलर मुळात पासवर्ड मागत नाही; तो ‘बिन/सोलर ऑथ’ने लावावा लागतो. आणि ८९८३ हा पोर्ट राउटरवरून बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडू नये. वाचकांसाठी वेगळे शोधपान करावे, आणि सोलरशी फक्त त्या पानाने बोलावे.

सुरू झाला, आता तपासा

- ‘बिन/सोलर स्टेटस’ लिहून प्रत्येक संगणकावर पोर्ट, मेमरी आणि झूकीपरची यादी पाहा. तिन्हीकडे यादी सारखीच दिसली पाहिजे.
- प्रशासन पानाच्या क्लाउड विभागात तीन नोड दिसतात का, आणि त्यांची नावे खानवेल, नरोली, दादरा हीच आहेत का?
- काही लाख पानांच्या आतल्या संग्रहासाठी एक शार्ड आणि तीन रेप्लिका ठेवा. प्रत्येक संगणकावर पूर्ण प्रत राहते आणि एक बंद पडला तरी झूकीपरचे बहुमतही टिकते.
- सुरू होताना उघड्या फाइलींच्या मर्यादेबद्दल इशारा आला तर दुर्लक्ष करू नका. सोलर ६५,००० ची मर्यादा सुचवतो. लिनक्सवर ती सहसा बरीच कमी असते.
- थांबवताना संगणकाचे बटण दाबू नका. ‘स्टॉप’ कमांड सोलरला आवरायला तीन मिनिटांपर्यंत वेळ देते. यूपीएस तेवढा वेळ टिकतो की नाही, ते कामाला लागण्यापूर्वीच पाहून घ्या.

सिल्वासा, सिल्व्हासा आणि सेलवास अशी तीन प्रकारे लिहिलेली पाने एकाच शोधात सापडावीत, हे मात्र सुरुवातीच्या कोणत्याही पर्यायाने होत नाही. त्यासाठी संग्रहाच्या समानार्थी शब्दांच्या फाइलमध्ये ती रूपे एका ओळीत लिहावी लागतात. ती फाइल झूकीपरमध्ये राहते, त्यामुळे एकदा चढवली की तिन्ही नोडना मिळते. संग्रह रीलोड करायला तेवढे विसरू नका.

इलॅस्टिकसर्च वापरणाऱ्यांसाठी

मराठी विकिपीडियाचा शोध विकिमीडियाच्या सायरससर्च या विस्तारावर चालतो आणि तो उभा राहिला इलॅस्टिकसर्चवर. शाय बॅनन यांनी २०१० मध्ये आणलेला हा सर्व्हर सोलरसारखाच ल्यूसीन या शोधाच्या जावा घटकावर बेतलेला आहे. पण एकाची सवय दुसऱ्याकडे नेताना अक्षरे दगा देतात. सोलरमध्ये ‘-पी’ म्हणजे पोर्ट. इलॅस्टिकसर्चमध्ये ‘-पी’ म्हणजे प्रक्रियेचा क्रमांक ज्या फाइलीत लिहायचा ती फाइल. सोलर मुळात पार्श्वभूमीत जातो आणि समोर ठेवायला ‘-एफ’ लागतो. इलॅस्टिकसर्च मुळात समोर चालतो आणि पार्श्वभूमीत पाठवायला ‘-डी’ लागतो. बाकी सेटिंग मोठ्या ‘-ई’पुढे नाव आणि मूल्य लिहून देता येतात: समूहाचे नाव, नोडचे नाव, सोबत्यांचे पत्ते. रूटला नकार दोघांचाही.

एक पर्याय मात्र इथे उलट शिस्त मागतो. पहिला मुख्य नोड निवडण्यासाठी सुरुवातीच्या उमेदवारांची जी यादी द्यावी लागते, ती फक्त समूह पहिल्यांदा जन्मताना. समूह उभा राहिला की ती काढून टाकायची, फाइलमध्ये ठेवायची नाही. राहिली तर पुढे एखादा नोड चुकून नवाच समूह काढून बसू शकतो.

कामाचा क्रम

पहिल्या दिवशी लॅपटॉपवर ‘-ई क्लाउड’. दुसऱ्या टप्प्यात तीन झूकीपर आणि ‘/सोलर’ची जागा. मग एकाच संगणकावर पूर्ण ओळ, ‘-एफ’ लावून, नोंदी वाचत. ती जमली की उरलेले दोन. तिन्ही यादीत दिसले की सगळे पर्याय सेटिंग फाइलमध्ये, आणि फाइलची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर. शेवटी तिन्ही संगणक रीतसर बंद करा आणि ज्याने हा लेख वाचलेला नाही अशा सहकाऱ्याला ते सुरू करायला सांगा. त्याने एकही पर्याय टाइप न करता ‘नरोली’चा शोध चालला, तर काम पूर्ण झाले; चालला नाही, तर फाइलमध्ये काय राहून गेले ते त्याच दिवशी कळेल.